मोटरच्या अंगावरची हवा

(गिरणीच्या पट्ट्याचा आवाज, मग शांतता)

हे पीठ मोटरच्या पाठीवर बोटभर साचलंय. थंड होण्यासाठी अंगावर ज्या फिन्स, म्हणजे उभ्या पट्ट्या दिल्यात, त्यांच्यामधल्या खाचा पार बुजल्यात.

सांगली जिल्ह्यातल्या एका गावची ही गिरणी. १० हॉर्सपॉवरची मोटर, मिनिटाला १४४० फेरे. ती जळाली, आणि तालुक्याच्या दुकानात नव्यानं तार भरायला आली.

(उघडा स्टेटर, म्हणजे मोटरचा न फिरणारा, कॉइल बसवलेला भाग, जवळून)

मिस्त्रींनी रंगावरूनच ओळखलं. विजेच्या तीन फेजांपैकी एक गेला असता, तर काही कॉइल काळ्या आणि काही तांबूस राहिल्या असत्या. इथं सगळा गोल सारखाच काळा. मोटर तापून गेलीय.

९० टक्के कार्यक्षमता धरली, तरी पूर्ण भाराला अशा मोटरच्या पोटात ८०० वॅटहून जास्त उष्णता तयार होते. घरच्या इस्त्रीएवढी, आणि दळण चालू असेपर्यंत सतत. मोटर बंद अंगाची, बाहेरची हवा आत शिरत नाही. तारेतली उष्णता स्लॉटच्या, म्हणजे तार बसते त्या खाचेच्या, पेपरमधून स्टेटरच्या पत्र्यांत जाते, तिथून बिडाच्या अंगात, मग फिन्सवर. आत फिरणाऱ्या रोटरच्या टोकांना ॲल्युमिनियमची छोटी पाती असतात. ती आतलीच हवा घुसळतात आणि स्लॉटबाहेर आलेल्या कॉइलच्या टोकांची धग दोन्ही बाजूंच्या झाकणांपर्यंत पोचवतात.

(फर्म्यावर कॉइल, मग वार्निश)

फर्म्यावर कॉइल गुंडाळली जाते. एकेक तार स्लॉटमध्ये बसते, वरून बांबूची कामटी. मग वार्निश. ते तारा नुसत्या घट्ट धरत नाही, तारांमधल्या बारीक पोकळ्याही भरतं. पोकळीत अडकलेली हवा उष्णता पुढे जाऊ देत नाही. वार्निश तिच्यापेक्षा कितीतरी सहज जाऊ देतं. म्हणून मिस्त्री घाई करत नाहीत. आधी कॉइल गरम, मग वार्निश, मग पुन्हा भट्टी.

पिठाचंही तेच. कणाकणांत हवा धरून ते मोटरवर गोधडीसारखं बसतं.

(अंधार. उदबत्ती पेटते.)

आता हा धूर बघा. मागचा पंखा हवा जाळीतून ओढतो. फॅन कव्हर तिला वळवून फिन्सवरून पुढे सोडतं. धूर अंगाला चिकटून धावतोय.

कव्हर काढलं. पंखा तोच, वेग तोच, पण धूर बाजूला फेकला जातोय. फिन्स कोरड्याच राहिल्या. मोटरला वारं लागावं म्हणून कव्हर काढून ठेवणारे बरेच आहेत. त्यांनी हे एकदा डोळ्यांनी बघावं.

कॉइलचं हे वाइंडिंग १० अंशांनी जास्त तापलं, की तारांभोवतीच्या इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं. मग मोटर जळते. गिरणी बंद, दळणाचे डबे शेजारच्या गावाला.

(गिरणी. सकाळ.)

मोटर परत बसली. मेन स्विच बंद आहे. हातात रंगाचा जुना ब्रश, एकेक खाच मोकळी होतेय. जाळीही. मग कव्हरचे चारही स्क्रू.

आता चालू करा.