वर्गासमोर उभे राहताना

बडोद्यात नव्या योगशिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन

आज समोर बसलेल्यांपैकी अनेकांनी व्याख्यानापूर्वी मला एकच गोष्ट विचारली: आसने येतात, शास्त्रही थोडेफार वाचले आहे, पण वर्गासमोर उभे राहिले की आवाज फुटत नाही, त्याचे काय करायचे? हा प्रश्न एके काळी माझाही होता, म्हणून माझ्या पहिल्या वर्गापासूनच सुरुवात करते.

रावपुऱ्यातल्या एका सभागृहात सकाळी सहाला पंधरा-सोळा जणी जमल्या होत्या. मी त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिले, ‘उजवा हात वर’ म्हणाले आणि स्वतःचाही उजवाच हात उचलला. निम्म्या जणींनी माझे ऐकले, निम्म्यांनी माझ्याकडे पाहून डावा उचलला. समोर उभे राहून शिकवताना शिक्षकाने आरशातल्या प्रतिमेसारखे उलट करून दाखवायचे असते, हे मला ठाऊक होते, पण त्या क्षणी आठवले नाही. गोंधळ दिसताच माझा आवाज चढला आणि वेग वाढला. वर्ग संपल्यावर दुसऱ्या रांगेतल्या एक वयस्क बाई हळूच म्हणाल्या, “ताई, वज्रासनात गुडघा फार दुखत होता, पण तुम्ही घाईत होतात, म्हणून बोलले नाही.”

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसले, पोटरी आणि मांडीच्या मध्ये कांबळ्याची जाड घडी ठेवली, घोट्यांखाली टॉवेलची गुंडाळी सरकवली आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो का ते पाहत राहिले. घरी परतताना लक्षात आले, की त्या चार मिनिटांत माझा आवाज अगदी नेहमीचा होता. मी कशी दिसते, हा विचार तेवढ्या वेळात मनात आलाच नव्हता. योगशिक्षकाचा आत्मविश्वास मला तिथे सापडला, आणि तो दुसरीकडे कुठे मिळतो असे मला अजूनही वाटत नाही.

याच शहरातली एक घटना मी नव्या शिक्षकांना नेहमी सांगते. १९०७च्या डिसेंबरअखेर सुरतेचे काँग्रेस अधिवेशन उधळले, त्यानंतर श्री अरविंद बडोद्यास आले आणि विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याच्या मार्गदर्शनाखाली एका घराच्या माडीवर तीन दिवस ध्यानाला बसले. मन इतके निःशब्द झाले, की पुढे मुंबईच्या सभेत बोलायचे काय, हाच प्रश्न उभा राहिला. लेल्यांनी सांगितले, की श्रोत्यांना नमस्कार करा आणि थांबा, बोलणे येईल. तसेच घडले, असे अरविंदांनी स्वतः नमूद करून ठेवले आहे. ती अनुभूती आपल्या आवाक्यातली आहे असे मी म्हणणार नाही, पण नमस्कार करून थांबणे आपल्यालाही जमण्यासारखे आहे, आणि त्याला शरीराचा आधारही आहे. घाबरलेल्या माणसाचा श्वास छातीच्या वरच्या भागात अडकतो आणि उच्छ्वास आखूड होतो. बोलणे तर उच्छ्वासावरच चालते, म्हणून वाक्य संपण्याआधी हवा संपते आणि आवाज कापतो. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. म्हणून नमस्कारानंतर दोन-तीन लांब उच्छ्वास होऊ द्यावेत, तेवढ्यात समोरच्या प्रत्येकाकडे एकदा पाहून घ्यावे, आणि मगच पहिली सूचना द्यावी.

दुसरी भीती प्रश्नांची असते. अशा वेळी, डभोईत जन्मलेल्या आणि बडोद्यात प्रोफेसर माणिकरावांच्या तालमीत तयार झालेल्या स्वामी कुवलयानंदांची आठवण ठेवावी. मालसरच्या माधवदासजींकडून योग शिकल्यानंतरही त्यांनी उड्डियान (पोट आत ओढून धरणे) आणि नौली (पोटाचे स्नायू फिरवणे) या क्रिया बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांखाली तपासल्या, आणि १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापले ते हेच काम पुढे नेण्यासाठी. गुरूंवर निष्ठा असूनही त्यांना तपासून पाहणे कमीपणाचे वाटले नाही. मग रक्तदाबाच्या रुग्णाने शीर्षासनाविषयी विचारले असता ‘आज ते करू नका, तुमच्या डॉक्टरांना विचारून मग ठरवू’ असे सांगताना आपण का कचरावे?

पतंजलींनी समाधीच्या वाटेवर श्रद्धेला पहिले स्थान दिले आहे, आणि त्यांच्या योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात श्रद्धा म्हणजे चित्ताची प्रसन्नता, ती कल्याणी मातेप्रमाणे योग्याचे रक्षण करते, असे म्हटले आहे. आत्मविश्वास या शब्दात आपण अलीकडे फार आवेश भरला आहे. मला भाष्यातला हा शांत अर्थ अधिक जवळचा वाटतो.

वर्गाबाहेरही हेच चालते. आमच्या वर्गातल्या एका मुलीला सोसायटीच्या बैठकीत पाण्याच्या वेळेबद्दल बोलायचे होते आणि आपले गुजराती चुकेल या धास्तीने ती दोनदा गप्प बसली होती. तिसऱ्या वेळी तिने आपल्या भाषेचा विचार बाजूला ठेवला आणि वरच्या मजल्यावरच्या आजोबांना रोज बादल्या वाहाव्या लागतात, तिथून सुरुवात केली. व्याकरण चुकले असेलही, पण बैठकीने ऐकून घेतले.

दुसऱ्या रांगेतल्या त्या बाई पुढे कित्येक वर्षे वर्गाला येत राहिल्या. घरून त्या दोन कांबळी आणत, एक स्वतःसाठी आणि दुसरे त्या दिवशी नव्याने आलेल्या एखादीसाठी. आणि मी सांगण्याआधीच तिच्या गुडघ्यामागे घडी नीट बसवून देत.