लग्न का केलंत?

(दृश्य: मतपत्रिका अगदी जवळून. काळ्या शाईचं पेन एका छोट्या गोलावर थांबलेलं.)

6 नोव्हेंबर 2012. अमेरिकेतलं मिनेसोटा राज्य. ओबामा की रॉम्नी, हे ठरवून झालं की मतपत्रिकेवर आणखी एक प्रश्न येत होता. फक्त एक पुरुष आणि एक स्त्री यांचाच संबंध विवाह म्हणून वैध मानावा, अशी दुरुस्ती राज्याच्या घटनेत करावी का? हो, की नाही? एक गोल काळा करायचा. शेजारच्या घरातल्या दोघांच्या संसाराचा फैसला आडोशाला उभं राहून, अर्ध्या मिनिटात.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. समलिंगी लग्न मिनेसोटात तेव्हाही होऊ शकत नव्हतं. कायद्यात बंदी होतीच. मग तीच बंदी घटनेत घालण्याचा एवढा आटापिटा कशासाठी? कायदा उद्याचं विधिमंडळ बदलू शकतं, राज्याचं न्यायालय रद्द करू शकतं. घटनेत एकदा लिहिलं की दोघांचेही हात बांधले जातात. म्हणजे दार बंद होतंच, आता त्याला कुलूप घालायचं होतं. आणि ते कुलूप अजून जन्मालाही न आलेल्या मुलांसाठी होतं. मला या दुरुस्तीतली सगळ्यात क्रूर गोष्ट हीच वाटते.

आपल्याकडे घटनादुरुस्ती संसद करते, तुम्हाआम्हाला कुणी विचारत नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्याची स्वतःची घटना असते आणि तिच्यातले बदल बहुतेक ठिकाणी लोकांच्या मतावर ठरतात. अशी बंदी लोकांपुढे ठेवली की ती मंजूर होणार, हे जवळपास ठरलेलं होतं. एकट्या ॲरिझोनानं 2006 मध्ये नकार दिला, पण दोनच वर्षांनी तिथेही ती मंजूर झाली. 2012 च्या मे महिन्यात नॉर्थ कॅरोलिना हे बंदी घालणारं तिसावं राज्य ठरलं. पुढचा नंबर मिनेसोटाचा होता.

(दृश्य: सेंट पॉल. विधान भवनाचा पांढरा घुमट, रात्र.)

21 मे 2011, शनिवार. मध्यरात्र जवळ आलीये. दुरुस्ती मतदानाला पाठवायची की नाही, यावर सभागृहात चर्चा चालू आहे. दाराबाहेर विरोधकांच्या घोषणा, आत रिपब्लिकन पक्षाचं बहुमत. त्याच पक्षाचे आमदार जॉन क्रीसेल बोलायला उभे राहतात. इराकमध्ये रस्त्यावरच्या बॉम्बस्फोटात त्यांनी दोन्ही पाय गमावलेत. कृत्रिम पायांवर उभ्या असलेल्या या माणसाच्या हातात एक फोटो आहे. कॉर्पोरल अँड्र्यू विलफार्ट, वय 31, राहणार मिनेसोटा, तीनच महिन्यांपूर्वी अफगाणिस्तानात मारला गेलेला. तो समलिंगी होता. क्रीसेल म्हणतात, या फोटोकडे बघून मी त्याला कसं सांगू, की देशासाठी जीव द्यायला तू चाललास, पण तुझ्या आवडत्या माणसाशी लग्न करायला चालत नाहीस?

दुरुस्ती 70 विरुद्ध 62 मतांनी पुढे गेली. रिपब्लिकन पक्षाचे चारच आमदार विरोधात गेले. राज्यपाल मार्क डेटन यांना ती अडवण्याचा अधिकारच नव्हता, तरी त्यांनी निषेध म्हणून नकाराधिकाराच्या कागदावर सही केली. अँड्र्यूचे आईवडील पुढचं दीड वर्ष या बंदीच्या विरोधात बोलत फिरले. मुलगा जाऊन काही महिनेच झालेत, आणि त्याच्याबद्दल अनोळखी लोकांसमोर उभं राहून बोलायचं. मी त्यांच्या जागी असते तर मला जमलं असतं का, माहीत नाही.

(दृश्य: फोन हातात घेतलेल्या माणसांच्या रांगा.)

2008 मध्ये कॅलिफोर्नियात बंदीचे विरोधक अशीच लढाई हरले होते. तिथल्या प्रचाराचा भर हक्कांवर आणि भेदभावावर होता. मिनेसोटातल्या लोकांकडेही हिशेब तयार होता: राज्याच्या कायद्यांत तब्बल 515 ठिकाणी समलिंगी जोडप्यांना डावललं जात होतं. पण या हिशेबानं मतं वळत नव्हती. मग कार्यकर्त्यांनी फोनवर वेगळंच विचारायला सुरुवात केली. तुमचं लग्न झालंय का? का केलंत?

विचार करून बघा, तुम्ही काय उत्तर द्याल? वारसा मिळावा म्हणून केलं, असं कुणी म्हणत नाही. माणूस साथीबद्दल बोलतो. आजारपणात उशाशी बसलेल्या बायकोबद्दल, चारचौघांसमोर दिलेल्या शब्दाबद्दल. हे सगळं तुमच्याच तोंडून निघाल्यावर पुढचा प्रश्न येतो: दोन बायकांना नेमकं हेच हवं असेल तर? त्यानंतर फोनवर जी शांतता पसरते ना, तिथे हे मतदान फिरलं, असं मला वाटतं. हजारो लोकांनी हे संभाषण केलं. अनोळखी माणसांशी केलं आणि, जे जास्त अवघड, ते स्वतःच्या काकांशी, आजीशी, चर्चमध्ये शेजारी बसणाऱ्यांशीही केलं. कॅथलिक आर्चबिशप जॉन नीनस्टेट बंदीच्या बाजूनं ठाम उभे होते. तरी कितीतरी श्रद्धाळू कॅथलिक विरोधात गेले, आणि लुथरन पंथाच्या काही प्रादेशिक सभांनी विरोधाचे ठरावच केले.

मिनेसोटाचा एक नियमही इथे कामी येणार होता. घटनादुरुस्ती मंजूर व्हायला त्या निवडणुकीत मतदान करणाऱ्या एकूण लोकांपैकी निम्म्याहून जास्त लोकांचा होकार लागतो. तो प्रश्न कोरा सोडला, तर ते मत नकारातच धरलं जातं.

(दृश्य: मतमोजणीची रात्र. टीव्हीच्या उजेडात चेहरे.)

मध्यरात्र उलटून गेली तेव्हा निकाल स्पष्ट झाला. होकार 47.44 टक्के, नकार 51.19 टक्के. सुमारे 40 हजार लोकांनी तो गोल कोराच ठेवला होता, पण त्यांच्याशिवायही बंदी पडलीच होती. सहा महिन्यांनी, 14 मे 2013 ला, डेटन यांनी समलिंगी विवाहाला मान्यता देणाऱ्या कायद्यावर सही केली. यावेळी सहीला अर्थ होता. 1 ऑगस्टला रात्री बाराच्या ठोक्याला मिनिआपोलिसच्या सिटी हॉलमध्ये महापौर आर. टी. रायबॅक यांनी लग्नं लावायला सुरुवात केली.

(दृश्य: जुना कृष्णधवल फोटो, दोन तरुण.)

हे जॅक बेकर आणि मायकल मॅकोनेल. मे 1970 मध्ये मिनिआपोलिसच्या काउंटी कार्यालयात त्यांनी लग्नाच्या परवान्यासाठी अर्ज केला. तो फेटाळला गेला, राज्याचं सर्वोच्च न्यायालयही विरोधात गेलं, आणि 1972 मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं एका ओळीत प्रकरण मिटवलं. पण दरम्यान, 1971 मध्ये, ब्लू अर्थ काउंटीतून त्यांनी परवाना मिळवला होता आणि 3 सप्टेंबरला लग्नही केलं होतं. काउंटीनं ते दप्तरात नोंदवायला नकार दिला.

दोघं एकत्रच राहिले. 2018 मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला की ते लग्न पहिल्या दिवसापासून वैध होतं, नोंद करा. बोहल्यावर चढलेले ते तरुण आता सत्तरी पार केलेले म्हातारे होते. नोंदीवर तारीख पडली 3 सप्टेंबर 1971.