एका माणसाचे चोवीस तास

(दृश्य : दाराशी काढून ठेवलेले लहान मुलाचे बूट. एक हात त्यातला एक उचलतो.)

पोराला बूट घालून उभं करायचं आणि पुढचं टोक अंगठ्यानं दाबून बघायचं. थोडी जागा लागली, तर अजून महिनाभर निघेल. बोट दुमडलेलं लागलं, तर या महिन्यातच नवा घ्यावा लागणार. मूल वाढवलेल्या प्रत्येकाला ही अंगठ्याची परीक्षा माहीत असते. पण ज्या घरात कमावणारं माणूस एकच आहे, तिथे अंगठा दाबता दाबता मनात हिशेब सुरू होतो. पगाराला किती दिवस उरले, त्यातून भाड्याचे किती, पाळणाघराचे किती, आणि उरलेल्यात बूट बसतो का.

ही फिल्म अशा घरांची आहे. आई किंवा बाप, बहुतेक घरांत आईच, एकटीनं मूल वाढवते आहे. नोकरीही करते आहे. तरी महिनाअखेरीस तोंडमिळवणी होत नाही. अशा वेळी काही देशांत सरकार तिच्या कमाईत भर घालतं. तिकडे याला टॉप-अप म्हणतात. आपण पूरक मदत म्हणू.

या मदतीबद्दल दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. एक म्हणजे, फुकटचे पैसे मिळाले की माणसं आळशी होतात. दुसरी म्हणजे, सरकार भर घालतंय म्हटल्यावर मालक पगार वाढवतीलच कशाला. दोन्ही तक्रारी सव्वादोनशे वर्षं जुन्या आहेत.

(दृश्य : जुन्या इंग्लंडचा नकाशा. बर्कशायर परगणा.)

मे १७९५. इंग्लंडमध्ये धान्य महागलं होतं आणि शेतमजुराच्या मजुरीत पाव परवडेना. बर्कशायरचे न्यायाधीश स्पीनहॅमलँड इथल्या पेलिकन नावाच्या खानावळीत जमले आणि त्यांनी एक तक्ता ठरवला. पावाचा ठरावीक वजनाचा मोठा लोफ एक शिलिंगाला मिळत असेल, तर मजुराला आठवड्याला स्वतःसाठी तीन शिलिंग मिळायला हवेत आणि बायकोमुलांपैकी प्रत्येकासाठी दीड शिलिंग. मजुरी त्याहून कमी पडली, तर उरलेले गावाच्या करातून द्यायचे. पाव महागला की मदत वाढणार, घरात मूल वाढलं की मदत वाढणार.

मला या तक्त्याचं आजही अप्रूप वाटतं. माणसाला जगायला किती लागतं ते आधी ठरवायचं आणि मग मजुरीकडे बघायचं, अशी त्याची उलटी रीत होती. पण १८३४ च्या राजनियुक्त आयोगानं या पद्धतीवर सगळं खापर फोडलं. मजूर आळशी झाले, मालकांनी मजुरी पाडली, असं अहवालात लिहिलं गेलं. पुढे १९६३ मध्ये अर्थतज्ज्ञ मार्क ब्लॉग यांनी ती सगळी मांडणी पुन्हा तपासली आणि तिचा पाया कच्चा असल्याचं दाखवलं. मधल्या सव्वाशे वर्षांत त्या अहवालानं कित्येक कायदे घडवून झाले होते.

पहिला कायदा १८३४ मध्येच आला, आणि तो एकट्या आईच्या मुळावर आला. लग्नाशिवाय झालेल्या मुलाचा भार त्यानं आईवर टाकला आणि बापाकडून वसुली जवळजवळ अशक्य करून ठेवली. बापाला मोकळं सोडलं की बाया आपोआप जपून वागतील, असा त्यामागचा विचार होता. एकट्या पालकाच्या मदतीची चर्चा आजही ज्या संशयी सुरात होते, तो सूर बराचसा तिथून आला आहे.

(दृश्य : ब्रिटिश संसदेची इमारत. काळा-पांढरा फोटो.)

दुसरं टोक एलिनॉर रॅथबोन यांचं. ब्रिटिश संसदेतल्या अपक्ष सदस्य. मुलाचा खर्च पगारात मोजला जात नाही, म्हणून तो वेगळा आणि थेट आईच्या हातात द्यावा, हे त्या पंचवीसेक वर्षं सांगत राहिल्या. १९४५ मध्ये कुटुंब भत्त्याचा कायदा आला तेव्हा मूळ मसुद्यात पैसे बापाच्या नावे होते. रॅथबोन अडून बसल्या. स्वतः आयुष्यभर मागितलेल्या कायद्याच्या विरोधात मत देईन, इथपर्यंत त्या गेल्या, आणि भत्ता आईच्या नावे झाला. ऑगस्ट १९४६ मध्ये पहिले पैसे वाटले गेले. तो दिवस बघायला त्या नव्हत्या. जानेवारीतच त्यांचं निधन झालं होतं.

भत्ता होता आठवड्याला पाच शिलिंग, दुसऱ्या मुलापासून पुढे. पहिलं मूल वगळलेलं. बापाच्या पगारात एक मूल सहज निभावतं, असं गृहीत धरलं होतं. ज्या घरात बापाचा पगारच नाही आणि मूल एकच आहे, तिथे काहीच पोहोचलं नाही. पहिल्या मुलासाठी सगळ्यांना भत्ता मिळायला १९७७ उजाडलं.

(दृश्य : स्वयंपाकघरातलं टेबल, रात्रीची वेळ. पगाराची स्लिप, पेन, घडी घातलेला कागद.)

पगारात भर घालणारी मदत ब्रिटनमध्ये नव्या रूपात परतली ती १९७१ मध्ये, फॅमिली इन्कम सप्लिमेंट या नावानं. घरासाठी एक उत्पन्नमर्यादा ठरवायची, तिच्या खाली जितकी कमाई असेल त्या फरकाच्या निम्मी रक्कम द्यायची. कागदावर न्याय्य. त्याच वर्षी फ्रँक फील्ड आणि डेव्हिड पियाशॉ यांनी पेन्सिल घेऊन हिशेब केला. पगार थोडा वाढला की निम्मी मदत कमी होते, वर कर कापला जातो, वर मुलाचं शाळेतलं मोफत जेवण बंद होतं. काही घरांत पगारवाढ झाल्यावर हातातला पैसा कमी होत होता. या अवस्थेला त्यांनी दारिद्र्याचा सापळा म्हटलं, आणि तो शब्द जगभर रुळला.

सापळा अजून गेलेला नाही, फक्त त्याचे दात थोडे बोथट झाले आहेत. ब्रिटनच्या आजच्या युनिव्हर्सल क्रेडिट या एकत्रित मदत योजनेत ठरलेल्या सवलतीपलीकडे कर कापून हातात आलेल्या प्रत्येक शंभरामागे मदत ५५ नं कमी होते. २०१३ मध्ये हा आकडा ६५ होता, २०१७ मध्ये ६३ झाला, २०२१ अखेर ५५ वर आला.

आता एक तास घेऊ. एकच जादा तास. त्या तासाचे तिच्या हातात शंभर आले असं धरा. पंचावन्न मदतीतून गेले, उरले पंचेचाळीस. त्या तासात मूल पाळणाघरात होतं. पाळणाघर तासाला पन्नास घेत असेल, तर सरकार ठरलेल्या मर्यादेपर्यंत त्याचे ८५ टक्के भरून देतं, साडेसात तिच्या खिशातून जातात. उरले साडेसदतीस. बसभाडं अजून धरलेलं नाही. शंभराचं काम करून साडेसदतीस घरी येतात, आणि तो एक तास मुलाजवळचा असतो. या आकड्यांकडे बघून तिला आळशी म्हणायची माझी तरी हिंमत होत नाही.

(दृश्य : भिंतीवरचं कॅलेंडर. २८, ३०, ३१ या तारखांवर कॅमेरा थांबतो.)

आता ज्या प्रकरणामुळे ही फिल्म करावीशी वाटली, त्याकडे येऊ. २०२० सालचं, इंग्लंडमधलं. नोकरी करणाऱ्या चार एकट्या आया आपल्याच सरकारविरुद्ध कोर्टात गेल्या होत्या. मामला होता कॅलेंडरचा.

युनिव्हर्सल क्रेडिट दर महिन्याला नव्यानं मोजलं जातं. मोजणीची मुदत प्रत्येकीची वेगळी, अर्ज केला त्या तारखेपासून. समजा, एकीची मुदत ३० तारखेपासून पुढच्या महिन्याच्या २९ पर्यंत आहे. पगार होतो महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी. मागचा पगार ३१ ला झाला. या महिन्यात ३० ला रविवार, म्हणून मालकानं शुक्रवारी, २८ लाच पगार जमा केला. झालं. एकाच मुदतीत दोन पगार दिसले. यंत्राला वाटलं, बाईची कमाई दुप्पट झाली. मदत धाडकन खाली. पुढच्या मुदतीत पगार शून्य, कारण तो आधीच मोजून झाला होता.

पुढच्या वेळी भरून निघतं की, असं कुणी म्हणेल. नाही निघत. मूल असलेल्या नोकरदाराच्या कमाईतला थोडा भाग दर महिन्याला सवलत म्हणून मोजणीतून वगळतात. ज्या मुदतीत पगारच नाही, त्या मुदतीची सवलत वाया जाते आणि परत मिळत नाही. असं वर्षातून अनेकदा होई. शिवाय पुढचं भाडं नेमकं किती मदतीच्या भरवशावर द्यायचं, हे आधी कळायला काही मार्ग नव्हता. मदत कमी आली तर ओढूनताणून भागवता येतं. किती येणार हेच माहीत नसेल तर कर्ज काढावं लागतं, आणि एकदा उसनवारी सुरू झाली की पुढच्या प्रत्येक महिन्याची सुरुवातच उणे होते.

२२ जून २०२० रोजी अपील न्यायालयानं चौघींच्या बाजूनं निकाल दिला. ही गोष्ट दुरुस्त न करणं तर्काला धरून नाही, म्हणून बेकायदेशीर आहे, असं न्यायालयानं ठरवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नियम बदलला आणि दोनपैकी एक पगार दुसऱ्या मुदतीत धरायची सोय झाली.

शनिवार-रविवार दर महिन्यात येतात, हे व्यवस्थेला पटवून द्यायला चार आयांना अपील न्यायालयापर्यंत जावं लागलं. कामावरून सुट्टी काढून, मुलांची कुठेतरी सोय लावून. निकालपत्र वाचताना मला राहून राहून तेच आठवत होतं.

(दृश्य : पाळणाघराचं फाटक. बाहेर थांबलेली माणसं घड्याळ बघताहेत.)

मूल वाढवायला किती लागतं, हे मोजायची सरकारी पद्धतही एकदा बघायला हवी. अनेक देशांत घरांची तुलना करायला एक मोजपट्टी वापरतात. पहिला प्रौढ माणूस म्हणजे १. दुसरा प्रौढ ०.५. चौदा वर्षांखालचं मूल ०.३. या पट्टीवर मूल नसलेलं जोडपं १.५ होतं. एकटी आई आणि तिचं लहान मूल १.३. म्हणजे जोडप्यापेक्षा या दोघांना कमी पैशात भागतं, असं ही पट्टी म्हणते.

ताटातलं मोजलं तर खरंही असेल. पण दुसरा प्रौढ दुपारी तीन वाजता शाळेतून मुलाला आणू शकतो. ताप आला तर रात्री जागू शकतो, आणि सकाळी पहिला माणूस कामावर जाऊ शकतो. मूल यातलं काही करत नाही, उलट त्याच्यासाठीच हे सगळं करावं लागतं. शून्य दशांश तीनमध्ये पाळणाघर मावत नाही, उशिरा पोहोचल्याचा दंड मावत नाही, रात्रपाळी नाकारली म्हणून हुकलेली बढतीही मावत नाही.

१९७७ मध्ये अर्थतज्ज्ञ क्लेअर व्हिकरी यांनी हे शास्त्रात मांडलं. घर चालवायला पैसा लागतो तसे माणसाचे तासही लागतात, आणि ज्या घरात मोठं माणूस एकच आहे तिथे आधी तास संपतात. संपलेले तास विकत घ्यायला पैसे लागतात. ते पैसे कमवायला पुन्हा तास लागतात.

अमेरिकेनं १९७५ पासून कमावत्या गरीब पालकांना करातून परतावा द्यायला सुरुवात केली. पहिल्या ४,००० डॉलर कमाईवर १० टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ४०० डॉलर. आज ती योजना त्याहून कितीतरी मोठी आहे. पण पैसे मिळतात वर्षातून एकदा, कराच्या परताव्यासोबत. पाय मात्र वर्षभर वाढत असतो. स्वीडननं वेगळा रस्ता धरला. २००२ पासून तिथे पाळणाघराच्या फीला कमाल मर्यादा आली, पहिल्या मुलासाठी घराच्या उत्पन्नाच्या ३ टक्के. आईच्या हातात पैसे देण्याऐवजी तिच्या हातातून जाणारेच कमी केले. जर्मनीत दुसऱ्या पालकानं पोटगी थकवली तर सरकार आधी मुलाला आगाऊ रक्कम देतं आणि मग वसुलीला त्याच्या मागे लागतं. १९८० पासूनची पद्धत, २०१७ मध्ये ती मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत वाढवली. थकबाकीसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवायचं काम एकट्या आईच्या डोक्यावरून गेलं, म्हणजे तिचे तास वाचले. मला या दोन्ही रीती पगारातल्या भरीपेक्षा जास्त पटतात.

(दृश्य : पत्रपेटीतून काढलेला लिफाफा.)

शेवटी आयर्लंड. तिथे ही मदत १९८४ पासून आहे, आता तिला वर्किंग फॅमिली पेमेंट म्हणतात. उत्पन्नमर्यादा आणि हातात येणारी कमाई यांतल्या फरकाच्या ६० टक्के. तिची सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे एकदा मंजूर झाली की सहसा ५२ आठवडे तीच रक्कम येत राहते. मध्ये पगार थोडा वाढला तरी कापत नाहीत. रविवार कुठल्या तारखेला येतो यानं फरक पडत नाही. भाडं किती देता येईल, बूट कधी घेता येईल, हे वर्षभराचं तिला आज ठरवता येतं.

आणि याच योजनेत एक अट आहे. पंधरवड्याला ३८ तास काम हवं. नवरा-बायको असतील तर दोघांचे तास एकत्र धरतात, एकोणीस याचे, एकोणीस तिचे. एकटीला ३८ च्या ३८ स्वतः भरावे लागतात, आणि तेवढा वेळ मुलाजवळ कोण, हे अट विचारत नाही. ब्रिटननं अशीच अट १९९२ मध्ये आठवड्याला २४ तासांवरून १६ वर आणली होती, म्हणजे आकडा बदलता येतो. आयर्लंडलाही तो बदलता येईल. एकट्या पालकासाठी पंधरवड्याला १९ तास.