फक्कीची रेघ

(सकाळ. मैदानावर दव. एक माणूस ताणलेल्या दोरीच्या कडेनं वाकून पांढरी पूड टाकत चाललाय. आवाज फक्त पत्र्याच्या डब्याचा.)

सामना साडेआठला आहे, पण निम्मा कायदा आत्ताच लिहून होतोय. दोरी ताणायची, डबा हलवायचा, खाली फक्की पडत जाते. फुटबॉलच्या नियमांत या रेघेचीही रुंदी ठरलेली आहे : जास्तीत जास्त १२ सेंटिमीटर. फक्की टाकणाऱ्या काकांनी ते माप कधी वाचलेलं नाही. त्यांचा डबाच तेवढा आहे.

सांगलीकराला रेघ म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ वर धोका, हे इथलं शाळकरी पोरही सांगतं. तरी फुटबॉलच्या मैदानावर आलो की आपली गडबड होते, कारण आपल्या डोक्यातली रेघ क्रिकेटची असते. शेवटी विजय हजारेंचं जन्मगाव हे. क्रिकेटमध्ये सीमेच्या दोरीला चेंडू नुसता शिवला की चौकार. बॅट क्रीजच्या रेघेवरच राहिली, पलीकडं टेकली नाही आणि यष्ट्या उडाल्या, तर फलंदाज बाद. तिथली रेघ तुम्हाला सांभाळून घेत नाही.

फुटबॉलची रेघ मैदानाचाच भाग असते. चेंडू रेघेवर आहे म्हणजे तो आत आहे. एवढं एक पक्कं धरून ठेवा, बाकीचं आपण बघत बघत जाऊ.

(शिट्टी. सामना सुरू. चौदा वर्षांखालच्या मुली. पायऱ्यांवर पालक, छत्र्या, भडंगाचे पुडे.)

माझ्या शेजारी आप्पा बसलेत. नात खेळतेय म्हणून आले आहेत. स्वतः जन्मभर कबड्डीवाले, त्यामुळे ‘अकरा जणी कशाला लागतात?’ ही त्यांची पहिली शंका. कबड्डीत सात जण सगळा खेळ करतात. गंमत म्हणजे फुटबॉलमध्येही सातचा आकडा आहे : एका बाजूला सातपेक्षा कमी खेळाडू उरले तर सामना खेळवता येत नाही. अकरातली एक गोलरक्षक, तिचा शर्ट वेगळ्या रंगाचा. मोठ्यांचा सामना ४५ मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये जास्तीत जास्त पंधरा मिनिटं विश्रांती; मुलांना वयाप्रमाणे कमी वेळ. घड्याळ मध्ये थांबत नाही. कुणी पडलं, बदली खेळाडू आली, तर तो वाया गेलेला वेळ पंच शेवटी जोडून देतात.

चौथ्याच मिनिटाला चेंडू कडेच्या रेघेवरून घरंगळत गेला आणि आप्पा उठले. “काय वो, भाईर गेला की!”

पंचांनी शिट्टी वाजवली नाही. मुली खेळत राहिल्या.

(चित्र गोठतं. चेंडू वरून दिसतो.)

इथं थांबू. चेंडू बाहेर केव्हा? अख्खा चेंडू अख्ख्या रेघेच्या पलीकडं गेला तर. जमिनीवरून जावो नाहीतर हवेतून. आता चेंडू गोल आहे. तो जमिनीला टेकतो ती जागा रुपयाएवढी, आणि पोट चांगलं फुगलेलं. म्हणजे टेकलेली जागा रेघेच्या बाहेर आणि पोट मात्र रेघेवर, असं होऊ शकतं. पायरीवरून बघणाऱ्याला तो शंभर टक्के बाहेर दिसतो. वरून बघणाऱ्याला आत.

१ डिसेंबर २०२२ ला कतारच्या विश्वचषकात जपान आणि स्पेन खेळत होते. जपानच्या मितोमानं गोलरेषेवरून निसटता चेंडू पायानं आत ओढला आणि तनाकानं गोल केला. टीव्हीवर सगळ्या जगाला तो चेंडू बाहेर गेलेला दिसला होता. कॅमेऱ्यांच्या मदतीनं तपासणी झाली, तेव्हा त्याच्या पोटाचा काठ रेघेवर निघाला, तोही दोनेक मिलिमीटर. गोल मान्य. जपान जिंकला आणि त्या निकालानं त्यांच्याच गटातला जर्मनी घरी गेला.

त्याच जर्मनीला बारा वर्षांपूर्वी रेघेनं हात दिला होता. २०१० च्या विश्वचषकात इंग्लंडच्या लॅम्पार्डचा फटका आडव्या दांड्याला लागून गोलरेषेच्या चांगलाच आत पडला आणि उसळून बाहेर आला. पंचांना ते दिसलं नाही. गोल नाही. त्यावर इतका गदारोळ झाला की चेंडूनं गोलरेषा ओलांडली का हे सांगणारं तंत्र २०१२ मध्ये मंजूर झालं, आणि २०१४ च्या विश्वचषकात ते वापरलं. आपल्याकडं अजून तरी ते काम पंचांचे डोळे आणि काकांची फक्की मिळून करतात.

(पुन्हा मैदान.)

बाहेर गेलेला चेंडू परत आत कसा येतो, हे लवकर उरकतो. कडेच्या रेघेवरून गेला तर थ्रो : ज्या संघाचा शेवटचा स्पर्श, त्याच्या विरुद्ध संघाला. दोन्ही हातांनी, डोक्याच्या मागून, डोक्यावरून, आणि दोन्ही पाय जमिनीला टेकलेले. लहान मुलींचा मागचा पाय हमखास उचलला जातो, मग थ्रो समोरच्यांना. थ्रोवरून चेंडू थेट गोलात गेला तरी गोल धरत नाहीत. गोलच्या बाजूची रेघ ओलांडली तर दोन शक्यता. शेवटचा स्पर्श हल्ला करणाऱ्यांचा असेल तर गोलकिक, म्हणजे बचाव करणाऱ्यांनी आपल्या गोलसमोरून मारायची किक; बचाव करणाऱ्यांचा असेल तर कॉर्नर, म्हणजे हल्ला करणाऱ्यांनी मैदानाच्या कोपऱ्यातून मारायची किक.

कॉर्नरला पायऱ्यांवरचे सगळे उभे राहतात, ते उगाच नाही. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला. भारताच्या संघात आपल्या शेजारच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. दिल्लीत कोलंबियाविरुद्ध भारताला कॉर्नर मिळाला, जॅक्सन सिंगनं डोक्यानं चेंडू आत घातला, आणि फुटबॉलच्या कुठल्याही विश्वचषकातला भारताचा तो पहिला गोल ठरला. सामना २-१ नं हरलो. गोल मात्र जमा आहे.

कोल्हापूरचा विषय निघालाच आहे तर सांगतो, तिथं पेठांतल्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत आणि त्यांच्या सामन्यांना गर्दी लोटते. पन्नासेक किलोमीटरवर एवढं वेड असताना आपल्याकडं ऑफसाइड समजावायला फिल्म करावी लागते. असो.

(एक मुलगी पडते. शिट्टी.)

फाऊल. ढकलणं, पाय घालून पाडणं, लाथ, शर्ट धरणं. कबड्डीत पकड हाच खेळ, इथं पकडलं की शिक्षा. आप्पांना हे मनापासून पटलेलं नाही. जिथं फाऊल झाला तिथून समोरच्या संघाला फ्री किक मिळते आणि फाऊल करणाऱ्या संघानं चेंडूपासून ९.१५ मीटर लांब राहायचं. कधी कधी फाऊल होऊनही शिट्टी वाजत नाही, पंच नुसता हात पुढं करून ‘खेळा’ म्हणतात. ज्यांच्यावर फाऊल झाला त्यांचाच चेंडू पुढं पळत असेल, तर थांबवण्यात त्यांचंच नुकसान. पायऱ्यांवरून “पंच झोपलाय!” अशी आरोळी बहुतेक वेळा नेमकी तेव्हाच येते.

आता गोलसमोरचा तो मोठा चौकोन बघा, गोलपासून साडेसोळा मीटर बाहेर आलेला. यात बचाव करणाऱ्यांनी असा फाऊल केला की पेनल्टी. चेंडू ११ मीटरवर ठेवायचा, समोर एकटी गोलरक्षक. आणि इथं आपली रेघ पुन्हा आली : चौकोनाची रेघ चौकोनाचाच भाग. रेघेवर झालेला फाऊलही पेनल्टीच. गोलरक्षकाला हात वापरायची मुभा याच चौकोनात, आणि आपल्याच खेळाडूनं मुद्दाम पायानं दिलेला चेंडू तिनं इथंही हातात घ्यायचा नाही. हा नियम १९९२ चा. त्याआधी आघाडीवर असलेले संघ गोलरक्षकाकडं चेंडू देत-घेत सामना झोपवायचे.

“हँड! हँड!” ही हाकाटी ऐकली? चेंडू हाताला लागला म्हणजे दर वेळी फाऊल होत नाही. मुद्दाम लावला का, हात अंगापासून उगाच पसरलेला होता का, हे पंच बघतात. खांदा हातात धरत नाहीत. हात सुरू होतो बगलेच्या खालच्या टोकापासून.

कार्डांचं म्हणाल तर पिवळं म्हणजे ताकीद. दोन पिवळी झाली की लाल, आणि लाल म्हणजे बाहेर. तिच्या जागी दुसरी येत नाही, संघ दहा जणींवर खेळतो. कार्डांची कल्पना केन ॲस्टन या इंग्रज पंचांना रस्त्यावरच्या सिग्नलवरून सुचली आणि १९७० च्या विश्वचषकात कार्डं पहिल्यांदा आली. आपल्या गावात पिवळा दिवा बघून गाडी आणखी जोरात मारतात, ते सोडा.

(विरुद्ध गोलजवळ एकटीच उभी असलेली मुलगी. कॅमेरा तिच्यावर.)

विसाव्या मिनिटाला आप्पांनी आपला डाव सांगितला. “एक पोरगी त्येंच्या गोलाफुडं नुसती हुबी करायची. चेंडू आला की हाणायचा. एवढं कुणाच्या डोस्क्यात यीना?”

आप्पा, सगळ्यांच्या डोक्यात येतं, म्हणून तर नियम करावा लागला. एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना? फुटबॉलमध्ये तसा रुमाल टाकता येत नाही. त्याचं नाव ऑफसाइड.

तुमच्या संघातली मुलगी तुमच्याकडं पास देते. पायाचा चेंडूला स्पर्श झाला त्या क्षणी सगळं गोठवा आणि तीन गोष्टी बघा. तुम्ही समोरच्यांच्या अर्ध्यात आहात का? चेंडूच्या पुढं आहात का? आणि समोरच्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढं आहात का? तिन्ही ‘हो’ असेल तर तुम्ही ऑफसाइड जागी. शेवटची बहुधा गोलरक्षक असते, म्हणून प्रत्यक्षात शेवटच्या बचावपटूकडं बघायचं. तिच्या बरोबरीनं असाल तर चालतं. यात हात मोजत नाहीत. डोकं, धड, पाय यांपैकी काही पुढं गेलेलं असलं की झालं.

ही रेघ फक्कीनं मारता येत नाही. शेवटची बचावपटू जिथं जाईल तिथं ती जाते, दोन पावलं मागं, चार पावलं पुढं. कडेनं झेंडा घेऊन पळणारा सहायक पंच सारखा तिच्याच बरोबरीनं का धावतो, ते आता कळेल.

आणि सगळ्यांची चूक होते ती इथं : चेंडू मिळाला तेव्हा कुठं होती हे बघायचं नाही, पास सुटला तेव्हा कुठं होती हे बघायचं. पास सुटल्यावर मागून धावत पुढं गेली तर बिनघोर जाऊ दे. नुसतं त्या जागी उभं राहणं हाही गुन्हा नाही. तिथून खेळात भाग घेतला, चेंडूला शिवली किंवा गोलरक्षकाची नजर अडवली, की झेंडा वर. थ्रो, गोलकिक आणि कॉर्नर, या तिन्हींवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड लागत नाही. १९२५ पर्यंत दोनच्या जागी तीन खेळाडू मोजायचे. तो आकडा खाली आणल्यावर गोल भराभर व्हायला लागले.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं, भडंगाचे चार दाणे पायरीवर मांडले, बोटानं एक पुढं सरकवला. “म्हंजे ही हितं. आन् ह्यो चेंडू सुटला. मग ही पळाली.” दाणा सरकला. “चालतंय?”

चालतंय.

(मध्यंतराची शिट्टी. पुसट झालेली फक्की, तिच्यावर बुटांचे ठसे. पुन्हा शिट्टी.)

दुसरा डाव सुरू झाला. तिसऱ्या मिनिटाला एक लांब पास सुटला, मागून एक मुलगी धावत आली, झेंडा खालीच राहिला, आणि चेंडू अख्खा रेघेपार जाळ्यात. आप्पा उठून उभे. टाळ्या. “बघा, पास सुटल्यावर पळाली! गोल हाय, गोल हाय!”

गोल खराच होता. पण नातीच्या संघावर झालेला. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, हे त्यांना सांगायचं माझ्याकडून राहून गेलं होतं.