सात किलो हवा मारली, तरी लाइन ओली कशी?

"साहेब, सात किलो मारलीय. लाइन एकदम कोरडी."

जुलै महिना, कोकणातली एक एमआयडीसी, बाहेर धो धो पाऊस. आमचे मिस्त्री हे इतक्या ठामपणे बोलले की मी कागदावर जवळजवळ सही करणारच होतो. सात किलो म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सात किलोचा दाब. आठ इंची लाइन, साधारण ३०० मीटर, इन्स्ट्रुमेंट एअरचा हेडर, म्हणजे उपकरणं चालवणाऱ्या हवेचा मुख्य पाइप. हायड्रो, म्हणजे पाणी भरून दाबाची चाचणी, झालेली, पाणी सोडून दिलेलं, वर दोन दिवस कॉम्प्रेसर चालू. सही करायच्या आधी मी एका सळईला पांढरं फडकं बांधलं आणि शेवटच्या ड्रेनसमोर धरलं.

(फडकं कॅमेऱ्याजवळ धरत) हे बघा ते फडकं. धुतलेलं नाही, मुद्दाम ठेवलंय. हा जो विटकरी डाग पसरलाय ना, तो गंज. आणि तो पसरलाय, याचा अर्थ ओला होता. कोरडी धूळ ठिपक्यासारखी बसते, अशी पसरत नाही.

नमस्कार मंडळी. आज पाइपलाइन हवेने साफ कशी होते आणि सुकते कशी, ते बघू. ही दोन वेगळी कामं आहेत. साइटवर ती एकाच कॉम्प्रेसरने, एकाच दिवशी, एकाच मिस्त्रीकडून उरकली जातात, आणि घोळ तिथेच होतो.

आधी त्या सात किलोचं बघू. ड्रेन एक इंची होता. व्हॉल्व्ह उघडला की कानठळ्या बसतील असा आवाज. बघणाऱ्याला वाटतं, आत वादळ सुटलंय. पण हिशोब करा. एक इंची तोंडातून हवा जास्तीत जास्त ध्वनीच्या वेगाने सुटणार. आठ इंची पाइपचं पोट त्या तोंडाच्या ६४ पट. म्हणजे तोंडाशी विमान आणि पाइपच्या आत? सेकंदाला जेमतेम ३ मीटर. ताशी ११ किलोमीटर. सायकल! सायकलच्या वेगाची हवा वेल्डिंगच्या रॉडचं थोटूक ढकलेल का? ती त्याच्या अंगावरून फिरून निघून जाते.

कचरा दाबाने हलत नाही, वाहत्या हवेच्या रेट्याने हलतो. म्हणून ब्लोइंग, म्हणजे हवेच्या झोताने सफाई, करताना लाइनचं तोंड पूर्ण उघडं हवं, पाइपच्याच मापाचं. यासाठी आपल्याकडे कार्डबोर्ड ब्लास्टिंग करतात. उघड्या फ्लँजवर, म्हणजे पाइपच्या टोकाच्या बोल्टच्या कडीवर, पुठ्ठ्याचे थर बोल्ट करून बसवायचे आणि मागून हवा भरत राहायची. ठरावीक दाबाला पुठ्ठा फाटतो, अख्खी लाइन एका दमात मोकळी होते, आणि स्लॅग, मिल स्केलचे पापुद्रे, ग्राइंडिंगचा कीस असं सगळं बाहेर भिरकावलं जातं. एकदा मला त्यात कामगाराचा हातमोजा मिळालाय. आख्खा.

किती जोर पुरेसा, याचं माप आहे. प्लँट चालू असताना त्या लाइनमधून जो प्रवाह जाणार, त्याच्या रेट्यापेक्षा साफ करतानाचा रेटा जास्त हवा. याला क्लीनिंग फोर्स रेशो म्हणतात, साइटवर नुसतं सीएफआर. तो एकच्या वर पाहिजे. कारण साधं आहे. तुमच्या ब्लोइंगला जे हललं नाही, ते उद्या चालू प्लँटच्या प्रवाहाला हलायला नको.

आणि हो, ब्लो करण्याआधी कंट्रोल व्हॉल्व्ह, ऑरिफिस प्लेट, फ्लो मीटर काढून जागी स्पूल, म्हणजे साध्या पाइपचा तुकडा, टाका. नाहीतर कचरा बाहेर येण्याऐवजी तुमच्या सगळ्यात महागड्या वस्तूच्या सीटमध्ये जाऊन बसेल. आधी मुख्य हेडर, मग फांद्या. उलटं केलंत तर हेडरची घाण साफ झालेल्या फांद्यांत शिरते.

आता एक गोष्ट अमेरिकेतली सांगतो, कारण "हवाच कशाला, लाइनमध्ये गॅस येणारच आहे, त्यानेच ब्लो करू" असं म्हणणारे मला इथेही भेटलेत. कनेक्टिकट राज्यात मिडलटाउनला क्लीन एनर्जी नावाचं ६२० मेगावॉटचं गॅसवरचं वीज केंद्र बांधून पुरं होत आलं होतं. ७ फेब्रुवारी २०१०, रविवार. टर्बाइनकडे जाणारी गॅसची लाइन साफ करायला त्यांनी नैसर्गिक वायूच वापरला. दाब सुमारे ६५० पीएसआय, आपल्या भाषेत ४५ किलो. पाइपांची तोंडं इमारतीशेजारी, जमिनीपासून २० फुटांच्या आत. शेवटच्या दहाएक मिनिटांत चार लाख घनफुटांहून जास्त गॅस त्या अडचणीच्या जागेत सोडला गेला. ठिणगी कुठून पडली हे शोधणं गौण आहे. बांधकाम चालू असलेल्या जागी ठिणग्यांना काय तोटा? सहा माणसं गेली, पन्नासएक जखमी झाली.

तिथल्या केमिकल सेफ्टी बोर्डाने तपास केला आणि सांगितलं की पाइप साफ करायला ज्वलनशील वायू वापरणं बंद करा. हवा आहे, नायट्रोजन आहे, पिग म्हणजे पाइपमधून ढकलायचा बोळा आहे. त्यातूनच पुढे एनएफपीए या अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संस्थेचं एनएफपीए ५६ हे मानक आलं. त्या बिचाऱ्या सहा जणांना जे काम करायचं होतं, ते कॉम्प्रेसरच्या हवेने झालं असतं.

पण म्हणून हवा गरीब गाय आहे असं समजू नका. एक घनमीटरची टाकी सात किलोला भरलेली असेल तर तिच्यात साधारण ०.९ मेगाजूल ऊर्जा दबून बसलेली असते. एक टनाची गाडी ९० मीटर वर, म्हणजे तिसाव्या मजल्यापर्यंत उचलण्याइतकी. पाणी दाबलं जात नाही, म्हणून हायड्रोत गॅस्केट गेलं तर फवारा उडतो आणि दाब लगेच पडतो. हवेत गेलं तर फ्लँजच उडतो. पुठ्ठ्यासमोर कुणी उभं राहायचं नाही, दोरी बांधून हद्द आखायची, कानात प्लग. आणि जेवणाच्या सुट्टीत एअर होजने कपडे झाडणारे किंवा गंमत म्हणून दुसऱ्याच्या अंगावर हवा सोडणारे जे असतात ना, त्यांना तिथल्या तिथे गेटबाहेर काढा. असल्या थट्टेत आतडी फाटून माणसं मेलेली आहेत. यावर मी हसत नाही.

बरं. आता सुकवणं.

त्या दिवशी मी आधी कॉम्प्रेसरकडे गेलो. कोकणात पावसाळ्यात ३० अंशाला, ७० टक्के दमटपणा धरला, तर एका घनमीटर हवेत साधारण २१ ग्रॅम पाण्याची वाफ असते. सात किलोला दाबताना आठ घनमीटर हवा एका घनमीटरमध्ये कोंबली जाते. म्हणजे तिच्यात जवळजवळ १७० ग्रॅम पाणी. पण ३० अंशाला एका घनमीटरमध्ये ३० ग्रॅमच वाफ मावते, दाब कितीही असो. उरलेलं १४० ग्रॅम पाणी होऊन खाली पडतं. आमचा कॉम्प्रेसर ३०० सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला ३०० घनफूट हवा ओढणारा. गुणाकार केला तर तासाला जवळजवळ नऊ लिटर पाणी! ते काढायला सेपरेटरचा ऑटो ड्रेन असतो. मी वाकून बघितलं, तर ड्रेन चिकटलेला. दोन दिवस आम्ही लाइन सुकवत नव्हतो, तिला पाणी पाजत होतो.

मिस्त्री म्हणाले, "तरीच साहेब, हवा जड वाटत होती." आता काय बोलणार.

ड्रेन दुरुस्त केला तरी प्रश्न सुटत नाही. सात किलोवर असलेली ती हवा तुडुंब भरलेली आहे, तिच्यात आणखी एक थेंब मावणार नाही. म्हणून लाइनमध्ये दाब धरून ठेवला तर सुकणं होतच नाही. सुकवताना दाब शत्रू आहे. हे वाक्य मी साइटवर म्हटलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात, म्हणून आकडाच सांगतो. पाणी काढून, स्पंजचे फोम पिग फिरवूनसुद्धा भिंतीला ०.१ मिलिमीटरचा थर राहिला, तर आमच्या ३०० मीटर लाइनमध्ये १९ लिटर पाणी झालं. ऑफिसात येतो तो बिसलेरीचा जार, तेवढं. हवा पूर्ण कोरडी आहे आणि बाहेर पडताना अगदी भरून निघते असं धरलं, पाइपचं तापमान २५ अंश धरलं, तर वातावरणाच्या दाबाला ती ३०० सीएफएम हवा हे काम दीडेक तासात करेल. तीच हवा सात किलोवर ठेवून पाठवलीत तर तेरा तास. हे कागदावरचं. प्रत्यक्षात दोन्ही आकडे कितीतरी वाढतात, पण त्यांच्यातला फरक तसाच राहतो.

म्हणजे कॉम्प्रेसरनंतर ड्रायर लावा आणि लाइनचं तोंड मोकळं सोडा. ड्रायर कुठला? फ्रीजसारखा रेफ्रिजरेशन ड्रायर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊ लागते तो आकडा, ३ अंशापर्यंत आणतो. तो जितका खाली, तितकी हवा कोरडी. टूल चालवायला छान, या कामाला नाही. उणे ४० हवं असेल तर अ‍ॅल्युमिना किंवा मॉलिक्युलर सीव्हचा डेसिकंट, म्हणजे ओल शोषून घेणारा, ड्रायर लागतो. आणि कुणी "उणे ४० मिळाला" म्हणालं की विचारा, कुठल्या दाबाला? सात किलोला उणे ४० म्हणजे वातावरणाच्या दाबाला उणे ५७च्या आसपास. दोघं आपापल्या जागी बरोबर असतात आणि मीटिंगमध्ये भांडत बसतात.

ऑक्सिजनची लाइन असेल तर हवा तेलविरहितच हवी, तिथे मी वाद ऐकून घेत नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेलाचा ओशटपणासुद्धा पेट घेतो.

दवबिंदूचा मीटर लावताना सॅम्पलची नळी स्टीलची किंवा टेफलॉनची घ्या. रबरी नळी स्वतःच ओल धरून ठेवते, बाहेरची दमट हवाही तिच्यातून आत झिरपते, आणि तुम्ही लाइनचा नाही तर नळीचा दवबिंदू मोजत बसता.

आम्ही भाड्याने डेसिकंट ड्रायर आणला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मीटरवर उणे ४६. सगळे खूश, चहा मागवला. मी म्हटलं, हवा बंद करा, दोन्ही टोकं बांधा, सकाळी बघू. वाहत्या हवेचं रीडिंग खोटं बोलू शकतं, कारण ती पाण्याच्या डबक्यावरून घाईने निघून गेलेली असते. रात्रभर कोंडली की खरं कळतं.

सकाळी उणे १२.

पाणी कुठेतरी होतंच. खालच्या वळणांचे ड्रेन उघडले, कोरडे. बंद टोकं बघितली, कोरडी. मग मिस्त्रींनाच आठवलं, मधला बॉल व्हॉल्व्ह हायड्रोच्या वेळी पूर्ण उघडा होता. बॉल व्हॉल्व्हच्या पोटात, बॉल आणि बॉडी यांच्यामध्ये पोकळी असते. पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद असेल तर ती पोकळी दोन्ही सीटच्या मध्ये अडकून राहते. हवा बॉलच्या भोकातून सरळ जाते आणि त्या पाण्याला शिवतही नाही. मिस्त्रींनी पाना लावून खालचा प्लग सैल केला, हँडल अर्ध्यावर आणलं.

चहाचा कप खाली धरला होता. पाऊण भरला.