एक इन्व्हॉइस, अनेक स्कीमा

नेमस्पेस, म्हणजे एक्सएमएल फाइलमधलं नाव कोणत्या घरचं आहे हे सांगणारी खूण, म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना फाइलच्या डोक्यावरचा ‘एक्सएमएलएनएस’च्या ओळींचा ढीग आठवतो. जुन्या फाइलमधून तो उचलायचा, नव्या फाइलमध्ये चिकटवायचा, आणि एकदा चाललं की पुन्हा हात लावायचा नाही. आज त्या ढिगात हात घालू या.

एक्सएमएल ही माहितीचा प्रत्येक तुकडा नावाच्या खुणांत गुंडाळून लिहायची पद्धत. तिच्या १.० आवृत्तीची शिफारस डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने फेब्रुवारी १९९८ मध्ये काढली. त्यात एलिमेंटला, म्हणजे अशा गुंडाळलेल्या तुकड्याला, नाव काय द्यायचं याची मोकळीक होती. साहजिकच प्रत्येकाने ‘टायटल’, ‘आयडी’, ‘नेम’ हीच नावं घेतली. वेबपानांच्या एक्सएचटीएमएलमध्ये ‘टायटल’ आहे, चित्रांच्या एसव्हीजीमध्येही आहे, आणि दोन्हींचे अर्थ वेगळे. ही दोन एका फाइलीत आली की प्रोग्रामने काय समजायचं? जानेवारी १९९९ मध्ये नेमस्पेसची शिफारस आली ती यासाठी.

पुण्याच्या आसपास वडगाव किती? वडगाव बुद्रुक, वडगाव शेरी, वडगाव मावळ. रिक्षावाल्याला नुसतं ‘वडगाव’ म्हणालात तर तो ‘कुठलं?’ विचारणारच. पण मावळातला माणूस घरात ‘जरा वडगावला जाऊन येतो’ एवढंच म्हणतो, आणि घरात कुणी गोंधळत नाही. हे झालं डिफॉल्ट नेमस्पेस. आपल्या हद्दीत नुसतं नाव चालतं, हद्द ओलांडली की पूर्ण नाव लागतं.

हे पूर्ण नाव म्हणजे प्रिफिक्स, अर्थात एलिमेंटच्या नावाआधी दोन टिंबं देऊन जोडलेलं छोटं नाव, नव्हे, बरं का. प्रिफिक्स हे त्या फाइलपुरतं टोपणनाव. खरी ओळख म्हणजे त्याच्यामागची यूआरआयची, म्हणजे ओळख म्हणून दिलेल्या पत्त्याची, लांबलचक ओळ. ती वेबपत्त्यासारखी दिसते, पण तिथे काही सापडलंच पाहिजे असं बंधन नाही. प्रोग्राम ती फक्त अक्षरशः ताडून पाहतो. शेवटी एक तिरकी रेघ जास्त पडली तरी नेमस्पेस वेगळं. तरीही मशीन अशा पत्त्यांवर धडका मारतच राहतात. २००८ साली डब्ल्यूथ्रीसीने जाहीर गाऱ्हाणं मांडलं होतं. तेच तेच डीटीडी, म्हणजे फाइलच्या रचनेचे नियम सांगणाऱ्या फाइली, पुन्हा पुन्हा मागणाऱ्या प्रोग्राममुळे त्यांच्या सर्व्हरवर दिवसाला १३ कोटींपर्यंत विनंत्या येत होत्या.

आता आपल्या इन्व्हॉइसकडे येतो. भारतातलं जीएसटीचं ई-इन्व्हॉइस जेसन या वेगळ्या मांडणीत जातं, त्यामुळे इथे काम करणाऱ्यांना हा प्रश्न फारसा भेटत नाही. युरोपच्या ग्राहकासाठी इन्व्हॉइस बनवायला बसलात की मात्र यूबीएल हे व्यापारी दस्तऐवजांसाठीचं एक्सएमएलचं रूप समोर येतं. हे ओअ‍ॅसिस या संस्थेचं मानक, त्याची २.१ ही आवृत्ती २०१३ ची. यूबीएलच्या साध्या इन्व्हॉइसमध्येही तीन नेमस्पेस असतात. एक इन्व्हॉइस या दस्तऐवजाचं. दुसरं ‘सीबीसी’, म्हणजे तारीख, रक्कम, क्रमांक अशा सुट्या घटकांचं. तिसरं ‘सीएसी’, म्हणजे त्या सुट्या घटकांपासून बनलेल्या पत्ता, पक्ष, करतपशील अशा जोडघटकांचं.

हा खटाटोप कशाला? तर २.१ मध्ये ६५ प्रकारचे दस्तऐवज आहेत. खरेदी ऑर्डर, इन्व्हॉइस, क्रेडिट नोट, मालाची पावती. पत्ता सगळ्यांत तोच. सामाईक घटकांचं नेमस्पेस वेगळं ठेवलं की ‘पत्ता’ एकदाच लिहायचा आणि ६५ ठिकाणी वापरायचा. स्कीमाच्या, म्हणजे फाइलमध्ये काय कुठे यावं ते ठरवणाऱ्या नियमावलीच्या, भाषेत हे ‘इम्पोर्ट’ने होतं. दुसऱ्या नेमस्पेसमधलं आणायचं तर ‘इम्पोर्ट’, त्याच नेमस्पेसची दुसरी फाइल जोडायची तर ‘इन्क्लूड’. यात एक खाच आहे. ‘इम्पोर्ट’मध्ये फाइलचा पत्ता देता येतो, पण मानकानुसार तो निव्वळ इशारा. एकाच नेमस्पेसच्या दोन फाइली दोनदा ‘इम्पोर्ट’ केल्या, तर काही प्रोसेसर पहिली वाचतात आणि दुसरी गुपचूप सोडून देतात. मग ‘अमुक एलिमेंट सापडलं नाही’ अशी तक्रार येते आणि तुम्ही फाइल उघडून पाहता तर एलिमेंट तिथेच असतं. उपाय सोपा आहे. त्या नेमस्पेसच्या सगळ्या फाइली ‘इन्क्लूड’ करणारी एक फाइल बनवा आणि तीच ‘इम्पोर्ट’ करा.

इथवर नावांचं भांडण मिटलं. पण नेमस्पेस कोणाला कुठे बसू द्यायचं हे ठरवत नाही, आणि स्कीमा एकत्र करायला निघालेले लोक नेमके इथेच अडतात. दोन्ही नेमस्पेस जाहीर केली, प्रिफिक्स लावले, तरी व्हॅलिडेटर, म्हणजे फाइल स्कीमाप्रमाणे आहे का ते तपासणारा प्रोग्राम, नकार देतो. कारण यजमान स्कीमाच्या लेखकाने तिथे परकं काही येऊ शकेल असं लिहिलेलंच नसतं. ती जागा ‘एनी’ या वाइल्डकार्डने सोडावी लागते, आणि ती सोडली नसेल तर तुमच्या हातात काही नाही.

यूबीएलने ही जागा नीट सोडली आहे. दस्तऐवजाच्या अगदी सुरुवातीला ‘एक्सटेन्शन्स’ नावाचा कप्पा आहे आणि त्याच्या पोटात परक्या नेमस्पेसचं काहीही ठेवता येतं. डिजिटल सही तिथेच बसते, आणि सहीची स्कीमा डब्ल्यूथ्रीसीची, म्हणजे दुसऱ्याच घरची. ‘परक्या’ हा शब्द इथे मोजून वापरला आहे. वाइल्डकार्डवर ‘अदर’ लिहिलं की स्वतःचं नेमस्पेस सोडून इतरांना प्रवेश. ही अट शिष्टाचाराची नाही. ऐच्छिक एलिमेंटच्या लगेच मागे ‘काहीही चालेल’ असं लिहिलं, तर समोर आलेलं एलिमेंट त्या ऐच्छिक जागेचं की वाइल्डकार्डचं हे व्हॅलिडेटरला ठरवता येत नाही. स्कीमाच्या भाषेची १.० आवृत्ती अशी स्कीमाच चुकीची मानते. २०१२ च्या १.१ मध्ये नाव घेऊन सांगितलेल्या एलिमेंटला प्राधान्य मिळालं आणि अडचण सैल झाली, पण १.१ समजणारी साधनं आजही सगळीकडे नाहीत. शिवाय आत आलेल्याला किती तपासायचं तेही यजमानच ठरवतो. ‘स्ट्रिक्ट’ म्हणजे स्कीमा हवीच, ‘लॅक्स’ म्हणजे सापडली तर तपासा, ‘स्किप’ म्हणजे बघूच नका. मला विचाराल तर ‘लॅक्स’ ठेवा. ‘स्किप’ ठेवलं की त्या कप्प्यात कचरा साठायला वेळ लागत नाही.

आणखी दोन खड्डे भरभर सांगतो. डिफॉल्ट नेमस्पेस एलिमेंटला लागू होतं, एलिमेंटच्या खुणेतच लिहिलेल्या जास्तीच्या माहितीला, म्हणजे अ‍ॅट्रिब्यूटला नाही. रकमेवरचं ‘करन्सीआयडी’ हे अ‍ॅट्रिब्यूट कुठल्याच नेमस्पेसमध्ये नाही, आणि तेच बरोबर आहे. दुसरा खड्डा ‘एलिमेंट फॉर्म डिफॉल्ट’चा. स्कीमात हे लिहायचं राहिलं की त्याची किंमत ‘अनक्वालिफाइड’ धरली जाते. मग बाहेरचं एलिमेंट नेमस्पेसमध्ये आणि आतली सगळी बिननेमस्पेसची, अशी विचित्र फाइल वैध ठरते. असा निर्णय डिफॉल्ट म्हणून का ठेवला असेल, मला आजवर पटलेलं नाही. नवी स्कीमा लिहाल तेव्हा पहिल्या ओळीत ‘क्वालिफाइड’ लिहून टाका.

आता जरा अवघड भाग. प्रिफिक्स टोपणनाव आहे, बदललं तरी अर्थ तोच, असं मी मघाशी म्हणालो. मात्र टोपणनाव एलिमेंटच्या नावात न राहता मजकुरात शिरलं की हे कोलमडतं. आपल्या कंपन्या आर्थिक अहवाल एक्सबीआरएल या अहवालांसाठीच्या एक्सएमएलच्या रूपात देतात, त्यात चलन सांगायची रीत पाहा. ‘मेजर’ या एलिमेंटच्या आत मजकूर म्हणून ‘आयएसओ४२१७:आयएनआर’ लिहिलेलं असतं. विसर्गचिन्हासारख्या त्या दोन टिंबांच्या आधीचा भाग हा प्रिफिक्सच. एखाद्या साधनाने ‘हे प्रिफिक्स कुठे वापरलेलं दिसत नाही’ म्हणून त्याची घोषणा काढून टाकली, तर फाइल वरवर धडधाकट राहते आणि रुपया निराधार होतो.

सहीच्या बाबतीत हे फार महागात पडतं. सही करण्यापूर्वी एक्सएमएलला प्रमाण रूप देतात. जुनी, २००१ ची पद्धत बाहेरच्या एलिमेंटवर जाहीर झालेली सगळी नेमस्पेस सही केलेल्या भागात ओढून घेते. म्हणजे सही केलेला भाग दुसऱ्या पाकिटात घातला, पाकिटावर दोन नेमस्पेस जास्त असली, की मजकुरातलं एक अक्षर न बदलता सही अवैध. म्हणून २००२ मध्ये ‘एक्सक्लुझिव्ह’ पद्धत आली. ती एलिमेंट आणि अ‍ॅट्रिब्यूटच्या नावांत प्रत्यक्ष दिसणारीच नेमस्पेस ठेवते. पण मजकुरातला ‘आयएसओ४२१७’ तिला दिसतच नाही. त्यासाठी ‘इन्क्लुझिव्ह नेमस्पेसेस’ या एलिमेंटमध्ये अशा प्रिफिक्सची यादी आपल्याला हाताने द्यावी लागते. सही पडताळताना अडलात तर आधी हीच यादी उघडून पाहा, आणि मजकुरात कुठे टिंबं असलेली नावं आहेत का ते शोधा.