औषधांची पाळी की आपली पाळी?

नमस्कार मैत्रिणींनो, आणि सोबत ऐकणाऱ्या नवरेमंडळींनो!

टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात गोठवलेला गर्भ आत सोडायचा, म्हणजेच ट्रान्सफर करायचा, तर आधी गर्भाशयाचं अस्तर तयार हवं. एक मार्ग औषधांचा: पाळीच्या सुरुवातीपासून अस्तर वाढवणाऱ्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या, अस्तर साधारण ७ मिलिमीटर झालं की गर्भाला आधार देणारं प्रोजेस्टेरॉन, मग ट्रान्सफर. दुसरा आपल्याच पाळीचा: सोनोग्राफी करत राहायचं, अंडं फुटलं, म्हणजे अंडाशयातून बाहेर पडलं, की ट्रान्सफरचा दिवस धरायचा.

हा दुसरा मार्ग म्हटलं की मला कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय आठवतात. साल १९७८. औषधं देऊन बीजं वाढवली, गर्भ तयार केला, पण त्याच पाळीत आत सोडला नाही. औषधांच्या त्या पाळीत अस्तर अनुकूल नसणार, हे त्यांनी ओळखलं. गर्भ ५३ दिवस गोठवून ठेवला आणि पुढच्या नैसर्गिक पाळीत सोडला. ३ ऑक्टोबरला मुलगी झाली, दुर्गा. जगातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीनंतर जेमतेम ७० दिवसांनी! सरकारी समितीने मात्र विश्वास ठेवला नाही. डॉक्टरांची बदली केली, तीही डोळ्यांच्या संस्थेत. १९८१मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. पुढे १९८६मध्ये मुंबईत केईएम रुग्णालयात हर्षा ही टेस्ट ट्यूब बेबी जन्मली आणि देशातली पहिली म्हणून गाजली. त्या यशातले एक शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंद कुमार. मुखोपाध्यायांची टिपणं त्यांच्या हाती आली, ती त्यांनी वाचली आणि १९९७मध्ये छापून सांगितलं, पहिला मान माझा नाही, त्यांचा. स्वतःचा मान असा देऊन टाकायला केवढं मन लागतं! आणि घरातल्या जुन्या वह्या रद्दीत घालू नका हो, कृपा करून.

तर, आपली पाळी. अंडं फुटलं की अंडाशयात एक पिवळसर गाठ उरते, ती गर्भाला आधार देणारी संप्रेरकं बनवते. औषधांच्या पाळीत अंडंच फुटत नाही, म्हणून ही गाठ नाही. गर्भ राहण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच, पण गाठ नसताना गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका जास्त दिसतो. पुन्हा सांगते, रक्तदाबाचा. पाळी अनियमित असेल, पीसीओएस (अंडं वेळेवर न फुटण्याचा अंडाशयाचा त्रास) असेल, तर लेट्रोझोल नावाची गोळी देऊनही अंडं वाढवता येतं.

आणि सासूबाई, ट्रान्सफरनंतर सुनेला अंथरुणाला खिळवून ठेवू नका. त्याने काहीच साधत नाही.

पाळी नियमित असेल तर डॉक्टरांना विचारा, माझ्याच पाळीत का नको? आणि औषधांचीच पाळी ठरली, तर प्रोजेस्टेरॉन मनाने बंद करू नका. चाचणी पॉझिटिव्ह आली तरी नाही. तिथे गर्भाला त्याच औषधाचा आधार असतो.